सूनबाईचा ड्रोन आणि आमची काकवी

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

मु. खडकवाडी, येडशीजवळ
दसऱ्यानंतरचा गुरुवार

महालिंगप्पा पाव्हणं यांना धुळाप्पाचा घरच्या सगळ्यांसह रामराम.

पत्राच्या डोक्यावर तुम्हाला काय लिहावं यातच माझा पहिला चहा गार झाला. तीर्थरूप लिहावं तर तुम्ही वयानं माझ्यापेक्षा लहान, चिरंजीव लिहावं तर तुम्ही माझे व्याही, आणि नुसतं 'प्रिय' लिहावं तर लोक म्हणतील, म्हातारपणी ह्याला व्याह्याचा पुळका आलाय. शेवटी पाव्हणं लिहिलं. त्यात मानही राहतो आणि वयाची भानगडही होत नाही. असो. तुमचा गुडघा कसा आहे? मागं तुम्ही म्हणाला होता की चढताना दुखत नाही, उतरताना दुखतो. तसं असेल तर शक्यतो उतरूच नका. विहीणबाईंचं बीपी आटोक्यात आहे ना? लोणचं बंद करा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्यांच्या हातचं लोणचं खाल्लेल्या माणसाला हा सल्ला पटत नाही, आणि ज्यांनी ते घातलं त्यांना तर मुळीच पटणार नाही. तूर कशी आहे? इकडं बरी आहे.

इथं आम्ही सगळे मजेत आहोत. सौ. तारामती मजेत आहे (माझ्याशी बोलत नाही, पण मजेत आहे). चि. समर्थ मजेत आहे. कारखान्याचं बॉयलर पेटायची वेळ आली म्हणून त्याची ड्यूटी वाढली आहे, त्यामुळं तोही माझ्याशी बोलत नाही, असं मी समजतो. शेळ्या मजेत आहेत. सौ. मोनिका तिकडं आनंदात असणारच. पंचमीला म्हणून गेलेली लेक दसरा उलटला तरी माहेरी आहे ह्यात मला काहीही वावगं वाटत नाही. माहेर ते माहेर. ती कधी येणार हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट केलेलं बरं.

मग कशाला लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पाव्हणं, फोनवर तुम्ही 'बरं बरं' म्हणता आणि फोन विहीणबाईंच्या हातात देता. विहीणबाई 'जेवलात का' विचारतात, मी 'जेवलो' म्हणतो, आणि विषय तिथंच मिटतो. आणि तुमच्या कानावर ह्या प्रकरणाची एकच बाजू गेली असणार. दुसरी बाजू घालावी म्हणून हा लेखी खुलासा. खुलाशाची मला सवय आहे. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा गाडी उशिरा पोचली, कुणाची कोंबडी टपावरून उडाली, तिकिटांची पेटी वाटेत विसरली, प्रत्येकाचा लेखी खुलासा डेपोत द्यावा लागायचा. माझे खुलासे साहेब दोनदा वाचायचे आणि म्हणायचे, धुळाप्पा, चूक कुणाची एवढं सोडून सगळं लिहिलंस. मी ते कौतुक समजून घेत असे.

तर सुरुवातीपासून. मोनिकाला ड्रोन चालवायला शिकायला पाठवायचं ठरलं, तेव्हा वाडीत बरीच कुजबुज झाली. सुनेनं ट्रॅक्टर चालवलेला लोकांनी एकवेळ पाहिलाय, पण हे तर आभाळात चालवायचं. मी एकटा ठाम राहिलो. (समर्थ आणि तारामती माझ्या आधीपासून ठाम होते, पण वयामुळं माझं ठाम असणं जास्त धरायला पाहिजे.) पोरगी शिकून आली, परीक्षा दिली, लायसन काढलं. ड्रोन पिकअपमधून घरी आला त्या दिवशी तारामतीनं त्याला ओवाळलं, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. कुंकू नेमकं कॅमेऱ्याच्या भिंगावर लागलं, त्यामुळं पहिल्या फेरीत मोनिकाला सगळी वाडी लालभडक दिसली आणि तिला वाटलं यंत्र बिघडलं. ते पुसल्यावर मात्र पोरीनं जे उडवलं त्याला तोड नाही. ज्या उसात माणूस शिरला तर पात्यांनी सोलून निघतो, त्यावर ही बांधावर उभी राहून फवारा मारायची. लोक तिला हाक मारताना आधी 'धुळाप्पाची सून' म्हणायचे. चार महिन्यांत मी 'ड्रोनवालीचा सासरा' झालो. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मी मुद्दाम बाजारातून लांबच्या रस्त्यानं घरी यायचो, आणखी दोघांनी तसं म्हणावं म्हणून.

आता टेकडी. आमच्या वाडीच्या डोक्यावरची टेकडी तुम्ही लग्नात पाहिली आहे. (तुमच्याकडच्या वऱ्हाडाची गाडी जिच्या पायथ्याला रुतली होती, तीच.) हायवे रुंद झाला तेव्हा तिचा मुरूम काढून नेला, आणि न्यायचा म्हणजे किती न्यायचा, त्याला काही धरबंध! आता एका अंगानं ती उभी कापून काढल्यासारखी दिसते. गवत टिकत नाही, पाऊस पडला की लाल पाणी थेट शाळेच्या पटांगणात. त्या कापलेल्या अंगावर रोप घेऊन चढायचं म्हणजे माणूस आधी लावावा लागेल, रोप नंतर. म्हणून पुण्याच्या एका संस्थेच्या अर्पिता मॅडम आल्या. त्यांची कल्पना अशी की माती आणि शेणखतात बी घालून लाडवाएवढे गोळे वळायचे, त्यांना बीजगोळे म्हणतात, आणि पावसाआधी ते ड्रोननं टेकडीवर टाकायचे. बाभूळ, बोर, हिवर, खैर, आपल्या मातीतलीच झाडं. पाऊस पडला की गोळा विरघळतो, बी रुजतं, टेकडी धरून ठेवतं. काम मोनिकाला मिळालं. ही टेकडी नीट जमली तर रामलिंगच्या बाजूच्या उजाड टेकड्याही तिलाच मिळणार होत्या. पोरीनं त्या टेकड्या कधीच मनात उडवून ठेवल्या होत्या, जेवताना भाकरीच्या कडेनं बोट फिरवून मला दाखवायची, मामा, इथून असं वर जायचं.

टेकडीवर त्या हंगामापुरती चराईबंदी झाली. आपण मेंढरामागं पाय झिजवलेल्या बापांची लेकरं, तेव्हा चराईबंदी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. माझा चुलतभाऊ सोमलिंग त्या वेळी मेंढरांचा खांडवा घेऊन आमच्याच शिवारात होता. उन्हाळ्यात रानं मोकळी, शेतकरी हाक मारून नेतात, आज ह्याच्या रानात उद्या त्याच्या रानात रात्रीची मेंढरं बसवतात, सकाळपर्यंत रानाला खत होतं. त्यानं बंदी मान्य केली, खंडोबाची शपथ घेतली. तारामतीनंही शेळ्या टेकडीकडं नेणार नाही असं कबूल केलं. सगळं सुरळीत होतं. इथून पुढं जे झालं त्यात माझा संबंध फक्त सल्ला देण्यापुरता आहे.

गोळे वळायला बचतगटाच्या बाया समाजमंदिरात बसत. मी रोज तिथं खुर्ची टाकून देखरेखीला जात असे. (मला कुणी नेमलं नव्हतं. देखरेखीला नेमावं लागत नाही.) गोळे वळले की उन्हात तडकायचे. मोनिका नेमकी तेव्हा परवानग्यांसाठी धाराशिवला हेलपाटे घालत होती. मी बायांना विचारलं, तो नळदुर्गचा किल्ला इतकी वर्षं कशावर उभा आहे? कुणाला सांगता येईना. मी सांगितलं, चुन्यात गूळ घातला म्हणून. (हे मला एकदा गाडीत एका प्रवाशानं सांगितलं होतं. तो नळदुर्गलाच उतरला, म्हणजे माहीतगारच असणार.) घरात थंडीतल्या गुऱ्हाळावरून आणलेली काकवी होती, डबाभर. ती मी आणून मातीत ओतली. पाव्हणं, गोळे असे झाले म्हणता! गुळगुळीत, घट्ट, वास असा की लग्नाच्या पंगतीत वाढावेत. एक बाई म्हणाली, मोनिकाला इचारा तरी. पण डबा माझ्या हातात होता आणि वयही माझ्या बाजूला होतं, त्यामुळं विषय पुढं गेला नाही. मोनिका परत आली, तिनं गोळा नाकाशी धरला आणि विचारलं, मामा, ह्याला गोड वास कशाचा येतोय? मी म्हणालो, आपली मातीच तशी आहे. ह्याला कुणी खोटं म्हणेल. मी म्हणतो, योग्य वेळेला सांगून तिला चकित करायचं होतं.

पहिल्या दिवशी मांडव, सनई, सत्कार, सगळं झालं. ड्रोन वर गेला, गोळे टपाटप पडले, टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी टेकडीवर सोमलिंगचं एक मेंढरू दिसलं. चुकून गेलं असेल म्हणून त्यानं हाकलून आणलं. तिसऱ्या दिवशी पाच-पंचवीस. चौथ्या दिवसापासून असं व्हायला लागलं, की मोनिकानं ड्रोन चालू केला आणि त्याची ती भुणभुण सुरू झाली की शिवारात जिथं असतील तिथून मेंढरं माना वर करायची आणि टेकडीकडं सुटायची. सोमलिंगनं शिट्ट्या घातल्या, कुत्री सोडली, पुढं आडवा पडला. मला येऊन म्हणाला, "दादा, बापजाद्यापासनं आमी हाळी देतोय, तवा कुठं मेंढरं ऐकत्यात. ते वरचं निस्तं गुणगुणलं की निघाली. त्याच्यात माझ्यापरीस काय जादा हाय?" काय जादा होतं ते मला माहीत होतं, पण त्याच्या शपथेचा प्रश्न होता, म्हणून मी गप्प बसलो. ड्रोन पुढं, खाली मेंढरांचा लोंढा, मेंढरांमागं सोमलिंग, सोमलिंगमागं त्याची कुत्री, आणि कुत्र्यांमागं (हे मला लिहायचं नव्हतं) आमच्या तारामतीच्या शेळ्या. काकवी मेंढराला कळते आणि शेळीला कळत नाही असं कधी झालंय का?

शेवटच्या दिवशी एक मोठे साहेब काम पाहायला आले. मांडवात भाषण चाललं होतं, आणि विषय होता आमच्या गावानं चराईबंदी कशी डोळ्यांत तेल घालून पाळली. मोनिकानं तेव्हा बॅटरी बदलायला ड्रोन खाली उतरवला होता आणि गोळ्यांची टाकी काढून बाजूला ठेवली होती. आमच्या बोकडानं (दाढीवाला, लग्नात ज्यानं तुमच्या मेहुण्याचा फेटा चघळला होता तो) टाकीत तोंड घातलं. आत गोडवा, तोंड बाहेर येईना, शिंगं अडकली. दिसायचं बंद झालं तसा तो उधळला, आणि उधळला तो थेट मांडवात. डोक्यावर पांढरी टाकी घातलेला बोकड व्यासपीठावर चढतोय आणि त्याच्यामागं सगळी मेंढरं, असं दृश्य मी उभ्या हयातीत पाहिलं नव्हतं. साहेबांनी माइक घट्ट धरला होता, त्यामुळं त्यांच्या तोंडून जे काही निघालं ते अर्ध्या वाडीनं ऐकलं. तारामती मांडवाच्या मधोमध उभी राहून ओरडत होती, "ह्यो आमचा न्हाय, ह्यो आमचा न्हाय!" आणि बोकड तिच्याच पायाशी जाऊन उभा राहिला.

तेही निभावलं असतं. हसण्यावारी गेलं असतं. पाऊस झाला, आणि पावसानंतर अर्पिता मॅडम आणि साहेब टेकडी पाहायला आले. मीही बरोबर चढलो. टेकडीवर एक कोंब म्हणून नव्हता. लेंड्या मात्र मुबलक होत्या. मोनिकाचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, बियाणं सदोष असावं. मॅडम म्हणाल्या, असेलही, मग पुन्हा एकदा नव्या बियाण्यानं करू, मोनिकाच करेल. म्हणजे बघा, गाडी रुळावर यायच्या बेतात होती. आणि पाव्हणं, नेमकी हीच ती योग्य वेळ असं मला वाटलं. कुणा बियाणेवाल्यावर विनाकारण आळ येतोय, हे मला पाहवेना. मी पुढं झालो, टोपी सरळ केली आणि सांगितलं, साहेब, गोळ्यात खोट निघणं शक्य नाही, मी स्वतः त्यात डबाभर काकवी घातली आहे, नळदुर्गच्या किल्ल्याच्या पद्धतीनं. मला वाटलं होतं, टाळ्या नाही तरी कुणीतरी मान डोलवेल. झालं भलतंच. मेंढरं का धावत होती हे तिथल्या प्रत्येकाला एकाच क्षणी कळलं. साहेबांनी मोनिकाला एवढंच विचारलं, तुमच्या गोळ्यांत काय घातलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? रामलिंगच्या बाजूच्या टेकड्यांचं बोलणं त्या दिवसापासून थांबलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात ते हेच.

खाली उतरताना पोरगी माझ्या पुढं चालत होती. पायथ्याला आल्यावर वळली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही काकवी घातली त्याचं काय न्हाय. एक दिवस गप बसला असतात तर?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि मोकळा झालो असतो. मग पंचमीला तिचा भाऊ न्यायला आला, ती तुमच्याकडं आली. जाताना माझ्या पाया पडली, तारामतीच्या गळ्यात पडली, बोकडाला सुद्धा थोपटलं. कधी येणार ते मात्र बोलली नाही. मीही विचारलं नाही. आजही विचारत नाही.

पुढचं ऐका, कारण हे तुम्हाला कदाचित अर्धंच माहीत असेल. ती गेली आणि आठवड्याभरात शिवारातून बोंब उठली. सोयाबीनमध्ये बाभळी उगवल्या होत्या. एखादुसरी नाही, दाट, टोपलीनं पेरल्यासारख्या, मध्ये बोर आणि हिवर. आणि उगवल्या होत्या त्या चौकोनी. प्रत्येक रानात एक चौकोन, त्याच्या बाहेर एक रोप नाही. मला उलगडायला वेळ लागला, सोमलिंगनं मात्र पाहिल्या पाहिल्या कपाळाला हात लावला. मेंढरांनी टेकडीवर गोळे खाल्ले, आणि संध्याकाळी ज्याच्या रानात बसली तिथं ते बी खतासकट परत दिलं. पोटातून गेलेलं बाभळीचं बी लवकर रुजतं हे आपल्याकडं शेंबडं पोरही जाणतं. म्हणजे मोनिकानं टाकलेलं बी वाया गेलंच नव्हतं, ते फक्त टेकडी सोडून वाडीभर वाटलं गेलं होतं. त्यात आणखी एक गंमत झाली. सरपंचांनी दुसऱ्याची पाळी मोडून आपल्या रानात गुपचूप दोन रात्री जास्त मेंढरं बसवून घेतली होती, आणि आता त्यांच्या सोयाबीनमध्ये एकाला तीन चौकोन उभे राहिले. त्यांना ते कुणाला दाखवताही येईनात आणि खुरपायला बाई सांगावी तर ती पाहणार. लोक माझ्या दारात येऊन जे बोलले ते लिहीत नाही. विहीणबाई पत्र वाचतात हे मला ठाऊक आहे.

तक्रार अर्पिता मॅडमपर्यंत गेली. त्या आल्या, बांधावर उभं राहून पहिला चौकोन पाहिला, दुसरा पाहिला, आणि सरपंचांचे तीन पाहिल्यावर हसत हसत बांधावरच बसल्या. तिथूनच त्यांनी मोनिकाला फोन लावला. दोघी किती वेळ बोलल्या ते मला माहीत नाही, कारण मला जरा लांब उभं राहायला सांगितलं होतं. समर्थकडून नंतर कळलं. मोनिकानं त्यांना सुचवलं की टेकडीच्या माथ्यावर आणि मुरूम काढलेल्या खड्ड्यांत, जिथं माती उरलीच नाही, तिथं उन्हाळाभर सोमलिंगची मेंढरंच बसवायची, बाभळीच्या शेंगा खायला घालून. खतही होईल, बीही पडेल. आणि जे उभं कापलेलं अंग आहे, जिथं मेंढरं बसवता येत नाहीत, तिथं ड्रोननं गोळे टाकायचे. नुसत्या माती-शेणाचे. हे 'नुसत्या' समर्थनं दोनदा सांगितलं. मॅडमना ते एवढं पटलं की रामलिंगच्या बाजूचंही बोलणं पुन्हा निघालं. त्याची बैठक येत्या सोमवारी धाराशिवला आहे, आणि जी उडवणार तिनं स्वतः हजर राहावं असं त्यांचं म्हणणं आहे. एवढं तुमच्या कानावर घालावं, हाच पत्राचा उद्देश. बाकी ज्याची त्याची सवड.

तरी एक लिहितो. पूर्वी काम संपवून आली की मोनिका माझ्या शेजारी बसून त्या छोट्या पडद्यावर दिवसभराचं दाखवायची. मी जन्मभर गाडीच्या मागच्या दारात उभा राहून एकच रस्ता पाहिला. आपलं घर वरून कसं दिसतं हे मला तिनं दाखवलं. पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या, दारात शेळीला दगड मारणारी तारामती, आणि खुर्चीवर बसलेला मी, एवढासा. मी म्हणायचो, ह्यात माझी टोपीच दिसती. ती म्हणायची, टोपी दिसली म्हणजे मामा आले. आता ड्रोन पेटीत आहे, बॅटऱ्या कोपऱ्यात आहेत, आणि संध्याकाळी मला करमत नाही. घर खायला उठतं. तारामतीला ते सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय सांगता, जिला सांगायचं तिला सांगा की." एवढंच काय ते महिन्याभरात माझ्याशी बोलली.

गुडघ्याला जपा. विहीणबाईंना नमस्कार. लोणच्याबद्दल मी काही लिहिलं हे त्यांना सांगू नका.

आपला, मान राखून,
धुळाप्पा

ता. क. सोमवार जवळ आलाय, म्हणून सहज विचारतो, तुमच्याकडचं कुणी येडशीच्या बाजूला येणार आहे का? असेल तर मोनिकाला सोबत होईल. इकडून कुणी न्यायला येणं अवघड दिसतं. समर्थला मी चारदा म्हणालो. तो म्हणतो, "काकवी ज्यानं घातली त्यानं जावं." आता तुम्हीच सांगा, आपल्यात सासरा सुनेला आणायला गेल्याचं कुणी ऐकलंय का? नवरा जातो, दीर जातो, फारच झालं तर चुलता जातो. सासरा गेला म्हणजे चूक कबूल केल्यासारखंच झालं.

ता. क. दुसरा. वर 'मु. खडकवाडी' लिहिलंय, ते सवयीनं. मी तुमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या ढाब्यावर बसलो आहे. सकाळच्या गाडीनं आलो. दोनदा रस्त्याच्या कडेपर्यंत गेलो आणि परत येऊन चहा सांगितला. हे पत्र ढाब्याचा मालक तुमच्याकडं घेऊन येईल, तो तुम्हाला ओळखतो म्हणाला. मोनिकाचा राग गेला नसेल तर काही निरोप पाठवू नका, संध्याकाळच्या गाडीनं मी निमूट परत जाईन. मात्र तिला एवढं सांगा की माती चांगली होती, बी चांगलं होतं, तिचं उडवणंही चांगलं होतं. चूक माझी होती. हे वाक्य मी कुठल्याच खुलाशात आजवर लिहिलं नव्हतं, म्हणून जरा वाकडं आलंय.

ता. क. तिसरा. आत्ताच तारामतीचा फोन आला. (स्वतःहून!) म्हणाली, मी निघालो तेव्हाच तिनं मोनिकाला कळवलं होतं. मोनिका सकाळपासून तुमच्या गच्चीवरून मला बघतीय म्हणे. तारामतीनं तिला विचारलं, मग जात का न्हाईस? तर म्हणाली, "मामांचं लिहून होऊ द्या, मधीच उठवलं तर आणखी लांबवतील." पाव्हणं, घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि मी एकटा इथं इतके चहा पीत बसलो.

ता. क. चौथा. ती गच्चीवरून उतरली. रस्त्याच्या कडेला येऊन उभी आहे. हातात काही आहे की नाही ते दिसेना, मध्ये उसाचा ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. आता गेला. बॅग आहे. दोन आहेत. पत्र मालकाकडं ठेवतोय. एक मला उचलायला लागणार असं दिसतंय, म्हणून पेन ठेवतो.